जर्मलची जुनी नाव: भंगारातून पाण्यापर्यंत

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात ॲल्युमिनियमच्या पातेल्याला ‘जर्मल’ म्हणत. त्या पातेल्याला सोड्याने घासायची कुणाची टाप नव्हती. सोडा लागला की पातेलं काळं पडतं. चिंचेचं सार रात्रभर त्यात राहिलं की तळाला बारीक खड्डे पडतात. आणि ओलं पातेलं ओल्या पातेल्यात कोंबून ठेवलं तर दोन्ही वाया. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं ते घर आता नाही. पण जुनी ॲल्युमिनियमची नाव दुरुस्त करायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की या धातूचं निम्मं शास्त्र आजीने आम्हाला फुकट शिकवून ठेवलं होतं.

ते शास्त्र थोडक्यात असं. ॲल्युमिनियम हवेत उघडं पडलं की लगेच त्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच त्याचं चिलखत. नदीचं गोडं, वाहतं पाणी त्याला फारसं काही करत नाही. पण ओल कुठे अडकली, हवा पोचेनाशी झाली, की तो थर तुटतो आणि पुन्हा नीट बसत नाही. म्हणून नाव कुजते ती नेहमी झाकलेल्या जागी: गालिच्याखाली, फोममागे, लाकूड जिथे पत्र्याला टेकतं तिथे. पुढे जे सगळं सांगणार आहे त्यातलं बरंचसं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

नाव मिळवताना

बडोद्यात अशा नावांचा बाजार नाही. माझी बारा फुटी, सपाट तळाची, रिबिटांनी (म्हणजे शेपूट ठोकून पसरवलेल्या धातूच्या खिळ्यांनी) जोडलेली नाव भावनगरकडून आली. अलंगला १९८३ पासून जहाजं फोडतात. जहाजांतून निघालेलं सामान, म्हणजे कपाटं, गाद्या, भांडी, जनरेटर, जीवरक्षक नावा, सगळं तिथल्या रस्त्याकडेच्या वखारींत विकायला मांडलेलं असतं. जीवरक्षक नावा बहुतेक फायबरच्या आणि अवजड असतात. त्यांच्या नादी लागू नका. आपल्याला हवी ती दोघातिघांनी उचलता येईल अशी छोटी कामाची नाव. ती क्वचित दिसते, पण दिसते. सरकारी खात्यांच्या मोडीच्या लिलावातही अधूनमधून जुन्या बचाव-नावा निघतात. आणि कुणाच्या तरी फार्महाउसवर, आंब्याखाली पालथी पडलेली एखादी असते. मालकाला ती दिसेनाशी झालेली असते, आपल्याला दिसली पाहिजे.

वखारवाला नाव वजनावर देतो. इथे एक गंमत आहे. बारा फुटी रिकामी नाव साधारण साठ ते सत्तर किलो भरते. काट्यावर ती शंभराच्या वर गेली तर जास्तीचे किलो म्हणजे बाकांखालच्या फोमने प्यायलेलं पाणी आणि कुजलेलं प्लायवुड, आणि त्याचे पैसे तुम्ही ॲल्युमिनियमच्या भावाने मोजताय. आधी फोम, फळ्या काढायला लावा, मग वजन करा.

बघायचं काय? रंग आणि पोचे विसरा. पोचा ठोकून निघतो. मागची फळी, जिथे इंजिन लागतं, तिच्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहा. लोण्यात गेल्यासारखा गेला तर फळी बदलायची आहे, ती धरूनच चाला. आतल्या आडव्या बरगड्या तळाला जिथे टेकतात तिथे बारीक चिरा असतात का ते बॅटरीच्या उजेडात बघा. एखाद-दुसरी चीर चालेल. ओळीने चिरा असतील तर धातू थकलाय, ती नाव सोडा. पांढरी भुकटी दिसेल तिथे बोटाने घासा. खाली खड्डा लागला तर खिळ्याच्या टोकाने हलकेच दाबून पाहा. टोक आरपार गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, पण असे किती आहेत ते मोजा. मी डझनापर्यंत सोसतो.

डांबर फासलेली नाव मात्र मी आता घेणार नाही. माझ्या नावेच्या तळाला कुणीतरी प्रेमाने डांबर फासलं होतं. रॉकेल, लाकडी खरवडणी आणि तीन रविवार.

आधी धुणं, मग पाणी भरणं

धुवायला भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश. घरात ज्या दोन गोष्टी हाताशी असतात त्याच इथे निषिद्ध: नाली साफ करायचा कॉस्टिक सोडा आणि संडास साफ करायचं ॲसिड. कॉस्टिक ॲल्युमिनियमला अक्षरशः विरघळवतो आणि वर हायड्रोजन वायू सोडतो, जो पेट घेतो. लोखंडी तारेचा ब्रश, लोखंडी काथ्या हेही नको. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पुढे त्या कणांभोवती खड्डे पडतात. हिरवी घासणी किंवा स्टेनलेसची तार चालते.

आता गळती. नाव पाण्यात टाकून आत पाणी कुठून येतं ते शोधत बसण्यापेक्षा उलटं करा: नावेत पाणी भरा आणि बाहेर थेंब कुठे पडतात ते बघा. पण नाव दोन टोकांवर ठेवून भरू नका. बारा फुटी नावेत फक्त १० सेंटीमीटर पाणी भरलं तरी साडेतीनशे किलोच्या आसपास भार होतो, आणि तळाला तो अधांतरी पेलायची सवय नसते. चार-पाच ठिकाणी आडवे लाकडी ओंडके द्या, त्यांवर जुन्या टायरचे तुकडे. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाका, म्हणजे ते बारीक फटीतूनही वाट काढतं. मग खाली आडवे व्हा. बाहेरून कोरड्या फडक्याने पुसत जायचं आणि जिथे थेंब परत धरतो तिथे खडूने गोल करायचा. सावकाश ठिबकणाऱ्याला एक गोल, धार धरणाऱ्याला दोन.

अर्धा तास थांबा. काही रिबिटं पहिल्या दहा मिनिटांत साळसूद असतात. आणि थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी शिवणीच्या आतून हातभर चालत जाऊन तिसरीकडे बाहेर येतं. म्हणून गोलाजवळच्या वरच्या अंगाची पाच-सहा रिबिटंही संशयितांत धरायची. माझ्या नावेत एकूण ४१ गोल झाले. भाच्याने मोबाइलवर तळाचा फोटो काढून प्रत्येक गोलाला नंबर दिला. तेव्हा मी हसलो, पण पुढे पाणी काढून नाव पुसल्यावर खडूचे निम्मे गोल गेले आणि तो फोटोच कामाला आला.

रिबिटं

या कामाला दोन माणसं लागतात आणि त्या दोघांचं एकमेकांशी बरं असावं लागतं.

ढिलं झालेलं रिबीट आधी आवळून पाहायचं. नाव आडव्या कुशीवर उभी करा. बाहेरचा माणूस रिबिटाच्या गोल डोक्यावर जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो. दोन किलोचा तरी हवा, आणि त्यात डोक्याच्या आकाराची खोलगट वाटी कोरलेली हवी, नाहीतर डोकं चेपतं. आतला माणूस शेपटीवर गोल तोंडाच्या हातोडीने मारतो. चार-पाच बेताचे ठोके. दणका घालायचा नाही. फार ठोकलं की भोकाभोवतीचा पत्रा ताणतो आणि शेजारचं रिबीट गळायला लागतं. आवाज बदलतो, तो कानाने ओळखायचा: ढिलं रिबीट ‘थप’ वाजतं, बसलेलं ‘टण्’. माझ्या ४१ पैकी निम्म्याहून जास्त एवढ्यानेच थांबली.

जी थांबत नाहीत ती काढायची. डोक्याच्या मधोमध पंच मारा, रिबिटाच्या जाडीपेक्षा किंचित बारीक ड्रिलने फक्त डोकं जाईपर्यंत भोक पाडा, डोकं छिन्नीने उडवा आणि दांडी ठोकून बाहेर काढा. पूर्ण दांडी ड्रिलने काढायला गेलात तर ड्रिल सरकतं आणि भोक अंडाकृती होतं. नवं भरीव ॲल्युमिनियमचं रिबीट घालताना दोन्ही पत्र्यांतून जाऊन त्याची शेपटी जाडीच्या दीडपट बाहेर यायला हवी. साडेचार-पाच मिलिमीटरच्या रिबिटाला सात मिलिमीटरच्या आसपास. कमी असेल तर नीट पसरत नाही, जास्त असेल तर वाकडी होऊन लोळते. भोक अंडाकृती झालंच असेल तर एक माप मोठं रिबीट घ्या.

बाकाखाली जिथे हात पोचत नाही तिथे पॉप रिबीट, म्हणजे एकाच बाजूने आतला खिळा ओढून बसवायचं पोकळ रिबीट. पण दुकानात साधं मिळतं ते नको, त्याच्या मधून पाणी सरळ आत येतं. बंद तोंडाचं मागा, आणि आतला खिळाही ॲल्युमिनियमचाच आहे ना ते चुंबकाने तपासा. लोखंडी खिळा आत अडकून राहिला तर तो गंजतो आणि भोवतीचं ॲल्युमिनियम खातो.

प्रत्येक नव्या रिबिटाला बसवण्याआधी पॉलियुरेथेन सीलंट लावायचं, सिकाफ्लेक्ससारखं. सिलिकॉन कटाक्षाने टाळा. व्हिनेगरचा वास येणारं जे सिलिकॉन मिळतं ते वाळताना आम्ल सोडतं, आणि एकदा सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग, सीलंट, काहीच धरत नाही. घट्ट दगड होणारी इपॉक्सी पुटी शिवणीवर थापायचा मोहही आवरा. नाव पाण्यावर लवते, पुटी लवत नाही, महिन्याभरात खपली सुटते.

चिरा, भोकं आणि वेल्डिंगचा मोह

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टिग वेल्डिंग (वायूच्या आवरणात करायचं बारीक वेल्डिंग) करणारे उत्तम कारागीर आहेत. मीही नाव घेऊन एकाकडे गेलो. त्याने पत्रा बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, “काका, आ तो कागळ छे.” हा तर कागद आहे. तळ दीड मिलिमीटरचा होता. तरी मी आग्रह धरला. पहिल्याच चिरेवर रुपयाएवढं भोक पडलं. चूक माझीच होती.

कारण समजून घेण्यासारखं आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे. वरचं कवच फुटेपर्यंत आतला धातू पाणी झालेला असतो, आणि ॲल्युमिनियम लाल होऊन आगाऊ सूचना देत नाही, एकदम गळून पडतं. शिवाय अशा नावांचा पत्रा, बहुधा ५०५२ जातीचा, थंड अवस्थेत दाबून कडक केलेला असतो; वेल्डिंगच्या उष्णतेने त्या पट्ट्यात तो मऊ होतो आणि पुढची चीर वेल्डच्या कडेनेच जाते. जवळची रिबिटंही सुटतात. तीन मिलिमीटरच्या पुढच्या, मुळातच वेल्ड केलेल्या नावेला वेल्डिंग जरूर करा (५३५६ ची तार मागा, आणि फोम व पेट्रोलची टाकी आधी काढा). रिबिटांच्या पातळ नावेला नको.

तिला ठिगळ. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. त्याच जातीच्या पत्र्याचं ठिगळ कापा, चारी बाजूंनी इंचभर तरी जास्त, कोपरे गोल. मागे सीलंटचा सलग थर, मग रिबिटं. टाचणीएवढ्या खड्ड्यांना मात्र इपॉक्सी चालते: खड्डा चकचकीत होईपर्यंत घासा आणि लगेच भरा, तासाभराने नव्हे. तोवर ऑक्साइड परत बसलेलं असतं. वेल्डरने पाडलेल्या त्या भोकावर आज तळहाताएवढं ठिगळ आहे, आणि नावेतली सगळ्यात भरवशाची जागा तीच.

लाकूड आणि फोम

मागच्या फळीला मरीन प्लाय घ्या, १८ मिलिमीटरचे दोन तुकडे इपॉक्सीने चिकटवून ३६ मिलिमीटर. लोकांना वाटतं मरीन प्लाय म्हणजे निर्धास्त. पण कीड-बुरशी लागू नये म्हणून त्याला बहुधा तांब्याची रसायनं पाजलेली असतात, आणि ओलं तांबं ॲल्युमिनियमचा जुना वैरी आहे. म्हणून फळीला सगळ्या बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना आणि बोल्टच्या भोकांच्या आतून, इपॉक्सीचे तीन हात द्या. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वायसर आणि सीलंट. याच कारणाने नावेत तांब्याची तार, नाणी, शिशाची वजनं तळाच्या पाण्यात पडू देऊ नका. माझ्या नावेत गळाचं एक शिसं बरगडीमागे राहिलं होतं. त्याच्या आकाराचा खड्डा अजून दाखवतो लोकांना.

फोम म्हणजे नावेचा विमा, आणि त्याचा हिशेब सोपा आहे. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, म्हणून ६५ किलोची नाव पाण्याखाली गेली तर २४ किलो पाणीच पेलतं आणि तिला वर धरायला उरलेल्या ४१ किलोचा उचल पुरतो. मोटर आणि बॅटरीचे ४० धरा, नावेला धरून तरंगणाऱ्या तिघांना मिळून ७५. झाले १५६. एक लिटर फोम एक किलोला थोडं कमी उचलतो, म्हणून १८० लिटर घालू. ५० मिलिमीटर जाडीची, १.२ बाय ०.६ मीटरची एक्सपीएस (थर्मोकोलसारख्या पण घट्ट फोमची) शीट ३६ लिटरची होते, पाच शीट्स. ती तळाला भरू नका. बाकांखाली, दोन्ही काठांलगत, जितक्या वर बसेल तितक्या वर, नाहीतर बुडलेली नाव पालथी तरंगते. पत्रा आणि फोम यांत बोटभर जागा सोडा, हवा खेळू द्या. पेट्रोल लागलं तर हा फोम विरघळतो, हे पेट्रोल इंजिनवाल्यांनी लक्षात ठेवावं.

फळी-फोम झाल्यावर पादरा गावाकडच्या एका ओळखीच्यांच्या शेततळ्यात, कमरेएवढ्या पाण्यात, आम्ही नाव मुद्दाम पाण्याने भरली. काठोकाठ भरूनही सपाट तरंगली. ही परीक्षा चुकवू नका.

रंग

गोड्या पाण्यात तळाला रंग लागतच नाही. मी तळ उघडाच ठेवला. आतून मात्र फिकट रंग द्या, कारण मे महिन्यात उघड्या पत्र्यावर बसून दाखवा. घासून झाल्यावर त्याच दिवशी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा पहिला हात, वर साधं एनॅमल. टू-पॅक पीयू (दोन डबे मिसळून द्यायचा पॉलियुरेथेन रंग) टिकाऊ, पण त्याची वाफ फुप्फुसाला घातक, ते गाड्यांच्या पेंट बूथमध्ये द्या. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. श्रावणात दिलेला रंग दिवाळीत सोलला जातो.

पाण्यावर

विश्वामित्रीत नाव घालायची नाही. शहरातून वाहते, घराजवळ आहे, पण तिच्यात शेकडो मगरी आहेत आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. त्यांना उगाच डिवचण्यात अर्थ नाही. आजव्याचं सरोवर सयाजीराव महाराजांच्या काळातलं आणि आजही पिण्याच्या पाण्याचं, तेही सोडा. वढवाणा तलाव रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे; तिथे दुर्बीण न्या, नाव नाही.

राहिल्या दोन नद्या. चांदोदला नर्मदेत, ओरसंगच्या संगमाजवळ, नावाड्यांची वर्दळ असते आणि त्यांच्याशी आधी दोन शब्द बोललं की जागा, खोली, भोवरे सगळं कळतं. वर सरदार सरोवर आहे. तिथून पाणी सोडलं की पातळी अचानक चढते, तेव्हा काठावर नाव नुसती ओढून ठेवू नका, बांधा. महीला सिंधरोटकडे पाणी छान आहे, पण खालच्या पट्ट्यात खंभातच्या आखाताची भरती चढते आणि चिखलात पाय रुततो. नवख्याने तिकडे जाऊच नये.

मोटर लावली की २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो, आणि मासेमारीला मत्स्योद्योग खात्याची परवानगी. दोन्ही आधी विचारून घ्या.

माणसं किती? फुटांत लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. बारा बाय साडेचार म्हणजे ५४, भागिले १५, साडेतीनच्या आसपास; म्हणजे तीन. साडेतीन नव्हे, ‘एक लहान मूल काय’ म्हणत चारही नव्हेत. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची नाव उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर बडोद्यात हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागू नये. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, बंद लावलेलं. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट हिशेबात धरायचं नाही.

मी बॅटरीवरची छोटी मोटर वापरतो. पूर्ण वेगात ती साधारण ४० अँपिअर ओढते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर अडीच तास, प्रत्यक्षात दोन तासही पुरत नाही; अर्ध्या वेगात सकाळ निघते. वल्ही तरीही बरोबर. तारा दोन वेगळ्या टाका, फ्यूज बॅटरीजवळ, आणि मोटारसायकलसारखं पत्र्यालाच अर्थिंग देऊ नका. त्या गळतीच्या विजेने तळ चाळणी होतो.

ॲल्युमिनियमच्या नावेचा एकच खरा दोष: ती वाजते. पहाटेच्या शांततेत डबा पडला की ढोल वाजल्यासारखा आवाज होतो आणि मरळ काय, काठावरचा बगळाही उठतो. म्हणून तळाला रबरी चटई हवी. पण चिकटवलेली नको, नुसती पसरलेली, घरी आल्यावर काढून वाळत घालता येईल अशी. आम्ही उजाडायच्या आत निघतो, रोहू-कटल्यासाठी कणकेच्या गोळ्या लावतो, आठपर्यंत दोन गोळ्या तरी माशांनी फुकट खाल्लेल्या असतात, आणि मग पोह्यांचा डबा उघडतो. सावकाश.

घरी नाव पालथी ठेवायची, लाकडी ठोकळ्यांवर. सिमेंटच्या ओल्या फरशीवर नको. सिमेंट अल्कधर्मी, म्हणजे पुन्हा आजीचा सोडाच. तळाचं बूच काढून ठेवायचं, म्हणजे कुठे राहिलेलं पाणी निथळतं. हे बूच परत लावायचं लक्षात ठेवणं ही वेगळी गोष्ट. पहिल्याच फेरीला चांदोदच्या घाटावर आम्ही थाटात नाव लोटली, नारळ फोडला, आणि दहा हात गेलो तोवर पायाखाली गार लागायला लागलं. बूच बडोद्याला, गॅलरीतल्या तुळशीच्या कट्ट्यावर. आता ते पिकअपच्या किल्लीच्या जुडग्यात बांधलेलं असतं.